मागच्या सीटपासून आखलेली गाडी : वाळूजच्या शेडमधल्या प्रकल्प नोंदी

४ डिसेंबर २०२३

वर्कशॉपच्या मालकांनी अखेर मागची शेड मोकळी करून दिली. जिग-फिक्स्चरच्या, म्हणजे काम करताना सुटे भाग जागच्या जागी धरणाऱ्या साच्यांच्या ऑर्डरी आधी, उरलेल्या वेळात गाडी, ही अट. गाडी म्हणजे स्पोर्ट-टूरर, लांब प्रवासाला आरामशीर आणि वळणात चपळ मोटारसायकल. दोघं जण, तीन दिवसांचं सामान, आणि सकाळी संभाजीनगरहून निघून दुपारी तुळजापुरात उतरल्यावर कंबर धरून चालायची वेळ येऊ नये.

इंजिनाचा प्रश्न मिटलाय. अपघातात चेसिस वाकलेली बजाजची एक डॉमिनार ४०० मिळाली. इंजिन, पुढचे उलटे फोर्क, चाकं आणि ब्रेक शाबूत आहेत. बोअर ८९ मिमी, स्ट्रोक ६० मिमी, ३७३.३ सीसी, ४० पीएस, सहा गिअर, स्लिपर क्लच. नवं इंजिन घडवणं आपल्या आवाक्यातलं नाही, आणि त्याची गरजही नाही. चेसिस, मागचं चाक धरणारा स्विंग आर्म, मागचं सस्पेन्शन, टाकी, सीट, फेअरिंग एवढं आपलं.

पहिल्याच बैठकीत डिप्लोमावाल्या पोराने विचारलं, ‘ॲडव्हेंचर का नाही? सगळे तेच घ्यायलेत.’ घेऊ देत. धुळे-सोलापूर महामार्ग, म्हणजे आताचा ५२ क्रमांकाचा, गेवराई, बीड, येरमाळ्यावरून चौपदरी झालाय. पुढे १९ किंवा २१ इंची चाक आणि उंच सीट घेऊन त्या रस्त्यावर काय मिळवायचं? मागे बसणाऱ्या बाईला गाडीवर चढताना दोन वेळा विचार करावा लागतो, एवढंच. १७ इंची चाकं, सीट ८०० मिमीच्या आत, वारा अडवणारी फेअरिंग. ठरलं.

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तो रस्ता आमच्या हिशेबातच नाही. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा. म्हणजे गाडी ८० ला आरामात आणि १२० ला निर्धास्त हवी. २०० ची भाषा इथे कुणी करायची नाही.

कागदपत्रांचंही आजच लिहून ठेवतो, नंतर वाद नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. नवी गाडी आणायची तर केंद्रीय नियम १२६ खाली प्रोटोटाइपची चाचणी आणि मान्यता लागते. म्हणून दोन गाड्या. मालकांची स्वतःची डॉमिनार, नोंदणी केलेली, मूळ स्थितीतली, ही रस्त्यावरची मापं घ्यायला. आपण बांधू ती कंपाउंडच्या आत, आणि पुढे पैसे जमले तर भाड्याच्या ट्रॅकवर.

११ डिसेंबर २०२३

वजनाचा हिशेब मांडला. इंजिनाच्या पॉवरवर जेवढी चर्चा होते तिच्या निम्मीसुद्धा यावर होत नाही, आणि टूररचं सगळं गणित इथेच आहे.

धरलेले आकडे: गाडी १९० किलो, पुढे-मागे निम्मी निम्मी. चाकांमधलं अंतर १४६० मिमी. चालवणारा ७५ किलो, मागच्या ॲक्सलच्या ५६० मिमी पुढे. मागे बसणारी व्यक्ती ६० किलो, ॲक्सलच्या २०० मिमी पुढे. बाजूच्या दोन बॅगा मिळून २० किलो, ॲक्सलच्या जवळपास वर. मागचा डबा ५ किलो, ॲक्सलच्या २५० मिमी मागे.

एकटा चालवणारा असेल तेव्हा मागच्या चाकावर १४१ किलो. माणूस आणि सामान मिळून ८५ किलो चढले की मागच्या चाकावर २१८. म्हणजे ८५ पैकी ७७ किलो मागे गेले आणि पुढच्या चाकाच्या वाट्याला जेमतेम ८ आले.

आमचे वेल्डर मामा औश्याकडचे. आकडे ऐकून म्हणाले, ‘म्हंजी गाडी उलाळ झाली की.’ अगदी बरोबर: मागे जड, पुढून उचललेली. उलाळ बैलगाडीला निदान जू तरी धरून ठेवतं, इथे पुढचं चाक हलकं पडलं की हँडल काहीच सांगत नाही.

यावरून कामाचा क्रम ठरला. आधी मागची सीट कुठे असेल ते नक्की करायचं, मग बॅगा, मग मागचं सस्पेन्शन, आणि त्यानंतर पुढची जॉमेट्री, म्हणजे पुढच्या फोर्कचे कोन आणि मापं. मालकांना हे उलटं वाटतंय. त्यांना टाकी आणि पुढचा चेहरा आधी बघायचाय.

२ जानेवारी २०२४

लाकडी सांगाडा उभा केला. प्लायवूडची टाकी, सरकणारी सीट, भोकं पाडलेल्या पट्टीवर वर-खाली होणारे फूटरेस्ट. चालवणाऱ्याचं झटपट जमलं: सीटपासून फूटरेस्ट ४३० मिमी खाली, हँडल रेसिंग गाड्यांच्या खाली बसवलेल्या क्लिप-ऑनपेक्षा वर, पाठ किंचित पुढे झुकलेली. मनगटावर भार येत नाही आणि वारा छातीवर थोडा टेकू देतो.

मागच्या सीटला मात्र दिवस गेला. वहिनींना, म्हणजे मालकांच्या सौभाग्यवतींना, हिशेबाच्या टेबलावरून उठवून आणलं. दरवर्षी नवरात्राआधी त्या दोघांची तुळजापूरची फेरी दुचाकीवरच होते, त्यामुळे मागे बसण्यातला त्यांचा अधिकार कुणी नाकारू शकत नाही. त्या बसल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, मला तर नुसती यांची पाठच दिसायली. अडीचशे किलोमीटर पाठ बघत जायचं का?’

सीट ६० मिमी उचलली. आता खांद्यावरून रस्ता दिसतो, पण डोकं वाऱ्यात जातं. ४० मिमीवर तडजोड. त्यांचे फूटरेस्ट मी स्पोर्ट बाइकसारखे उंच ठेवले होते. दहा मिनिटांत गुडघे बोलायला लागले. खाली आणले तर टाच बॅगेला लागते. शेवटी बॅगा ३० मिमी मागे सरकवल्या, फूटरेस्ट पुढे घेतले.

आणखी एक गोष्ट त्यांनीच काढली. सीट पुढे उतरती असेल तर ब्रेक लागला की मागचा माणूस पुढच्यावर सरकतो आणि दिवसभर स्वतःला मागे ढकलत बसतो. सीटचा तळ आता सपाट, तोही पूर्ण भारात मागून दबलेल्या गाडीवर सपाट. रिकाम्या गाडीवर तो किंचित पुढे झुकलेला दिसेल. दिसू दे.

११ जानेवारी २०२४

वेळ अमावस्या. मामा गावी. उद्या भज्जी आणि आंबील घेऊन येतील या आशेवर सगळे काम करताहेत. पाइपची मागणी पाठवली.

२३ जानेवारी २०२४

पुढची जॉमेट्री. ११०/७०-१७ टायर, म्हणजे चाकाची त्रिज्या जवळपास २९३ मिमी. हेड पाइपचा, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो त्या नळीचा कल, रेक, २५ अंश. फोर्क धरणाऱ्या टी-प्लेटचा ऑफसेट ३५ मिमी. ट्रेल, म्हणजे त्या कलाची रेघ जमिनीला जिथे लागते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, येतो ९८ मिमी. स्पोर्ट-टूररला ९५ ते १०५ च्या आसपास बरं: घाटात वळायला आळशी नाही, सरळ रस्त्यावर चंचल नाही.

पण हा ९८ कागदावरचा. मागचं चाक ३८ मिमी जास्त दबलं (आणि न सावरता माणूस-सामान चढवलं तर तेवढं दबणारच आहे) की सगळी गाडी दीड अंश मागे कलते. रेक २६.५ होतो, ट्रेल १०७. हँडल जड लागतं, गाडी वळणात बाहेर पळू बघते. आणि हेडलाइट! दीड अंश म्हणजे ५० मीटरवर प्रकाशाचा झोत १.३ मीटर वर जातो. रात्री समोरचे सगळे डिपर मारत जातात ते उगीच नाही.

त्यामुळे जॉमेट्री सांभाळायची तर ती पुढच्या टोकाला नाही, मागच्या स्प्रिंगमध्ये सांभाळावी लागेल.

१४ फेब्रुवारी २०२४

चेसिसचं वेल्डिंग सुरू. ४१३० क्रोममॉली नळी, २ मिमी जाडी. फिलर, म्हणजे सांध्यात वितळवायची सळई, ईआर ७०एस-२. टिगचं, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणातल्या वेल्डिंगचं काम असल्याने शटर खाली आणि पंखे बंद. जरा वारा लागला की आर्गनचं पांघरूण उडतं आणि सांध्यात बारीक भोकं दिसतात. सांधा पाण्याने गार करायचा नाही, हवेत आपोआप निवू द्यायचा, कारण हा पोलाद पटकन गार झाला की ठिसूळ होतो. मामांना हे सांगावं लागत नाही. नव्या पोराने हातात ओलं फडकं घेतलं होतं, ते त्यांनी न बोलता काढून घेतलं.

जिग आमचं रोजचं काम, त्यात आम्ही कुणाला ऐकणार नाही. सरफेस प्लेटवर हेड पाइप, इंजिनाचे बोल्ट आणि स्विंग आर्मचा पिव्होट, या तिन्ही जागा घट्ट धरल्या. आधी सगळे टाके, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड, मग एक सांधा डावा, एक उजवा. तरीही हेड पाइप ओढला जाणार हे धरून त्याचं बोअर १ मिमी कमी ठेवलंय. हँडल ज्यावर फिरतं ते कोनसेटचे बेअरिंग बसायच्या जागा वेल्डिंगनंतर एकाच सेटिंगमध्ये बोअर करणार. मोठ्या कंपन्याही महत्त्वाच्या जागा अशाच शेवटी मशिन करतात.

६ मार्च २०२४

टाकी. १ मिमी सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेला पोलादी पत्रा, १७ लिटर. मूळ गाडीची १३ लिटरची आहे. चार लिटरने सुमारे तीन किलो वाढतात, पण ते वजन टाकीखालच्या पोकळीत, गुरुत्वमध्याजवळ बसवलंय. थोडी हवा भरून साबणाच्या पाण्याने तपासली. कोपऱ्यात दोन बुडबुडे, दोन्ही बंद केले.

९ एप्रिल २०२४

पाडवा. शोरूमसमोर नव्या गाड्यांना हार पडताहेत. आमची, चाकांवर पहिल्यांदाच उभी, हिला मामांनी जिगच्याच क्लॅम्पवर छोटी गुढी बांधून दिली. तेवढंच. दुपारनंतर सुट्टी.

३० एप्रिल २०२४

फेअरिंग आणि काच. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण लोक फेअरिंगला सजावट समजतात.

आधी हिशेब. आपल्याकडची उंची आणि उन्हाळा धरून हवेची घनता घनमीटरला १.१ किलो. सरळ बसलेल्या माणसासह उघड्या गाडीचं वाऱ्यापुढचं क्षेत्र, आकाराचा गुणांक धरून, ०.६ चौरस मीटर. ताशी ८० ला वारा फाडायला ३.६ किलोवॉट. १०० ला ७.१. १२० ला १२.२, म्हणजे साधारण साडेसोळा पीएस. वेग दीडपट, खर्च जवळपास साडेतीनपट. इंजिनाकडे ४० आहेत, तेव्हा पॉवरची चिंता नाही. चिंता आहे ती तीन तास त्या वाऱ्यात मान सरळ धरणाऱ्या माणसाची.

बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आर १०० आरएस आणली तेव्हा पूर्ण फेअरिंग पिनिनफारिनाच्या पवनबोगद्यात घासूनपुसून काढली होती. आराखडा हान्स मूथचा. स्पोर्ट आणि टूरिंग या दोन गोष्टी एका गाडीत मांडणाऱ्या पहिल्या मोठ्या उत्पादनांपैकी ती एक. आमचा पवनबोगदा पाचोड ते गेवराई: मोकळं रान, रस्ता सरळ, पहाटे वारा पडलेला.

मालकांच्या डॉमिनारवर क्लॅम्पने वेगवेगळ्या काचा लावून पोरगा चालवायचा, मी शेजारून कारमधून चित्रीकरण करायचो. काचेवर, हेल्मेटवर, खांद्यावर लोकरीचे धागे चिकटवलेले. धागा सरळ मागे पडला तर प्रवाह साफ, वेडावाकडा नाचला तर घोळ.

उंच काच लावली की आराम वाढतो, हा समज पहिल्याच पहाटे गेला. उंच काचेमागे हवेचा दाब कमी होतो, वरून येणारा प्रवाह त्या पोकळीत गडगडत उतरतो आणि हेल्मेट दोन्ही बाजूंनी बडवतो. आवाजही वाढतो. आखूड काचेने छाती वाचते, हेल्मेटला साफ वारा मिळतो. पोराला ती आवडली. वहिनींना नाही, कारण पुढच्याच्या खांद्यावरून निसटलेला गोंधळ थेट त्यांच्या तोंडावर.

उपाय काचेच्या खाली सापडला. काच आणि फेअरिंगच्या मध्ये बोटभर रुंद फट ठेवली. खालून हवा आत शिरते, मागचा दाब भरून निघतो, वरचा प्रवाह उचललेला राहतो. काच मधल्या उंचीची, वरची कड जराशी मागे वळवलेली. मागच्या सीटवरचे धागेही बऱ्यापैकी शांत झाले.

काच पॉलिकार्बोनेटची. फुटत नाही, मात्र ओरखडे पटकन पडतात आणि पेट्रोलचे थेंब लागले तर कालांतराने तडे जातात, तेव्हा हार्ड कोट हवाच. वाकवायला भट्टी कुठून आणायची? शेजारच्या गल्लीत पावडर कोटिंगवाले आहेत, त्यांची भट्टी १८० अंशांपर्यंत सहज जाते. संध्याकाळी त्यांचं काम संपलं की आमचं. आधी शीट १२० अंशांवर तासन्‌तास वाळवायची. आतला ओलावा राहिला तर गरम होताना सगळ्या काचेत बुडबुडे उठतात.

२१ मे २०२४

पारा ४२ च्या वर. याच दिवसांची वाट बघत होतो.

कंपाउंडमध्ये, शेडभोवतीच्या रस्त्यावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी फिरवली. रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा थेट चालवणाऱ्याच्या नडग्यांवर. इंजिनाला काही होत नाही. झाकणाचा दाब आणि निम्मं निम्मं कूलंट असताना पाणी शंभराला उकळत नाही, बराच वाव असतो. त्रास माणसाला होतो. फेअरिंग लावली की थंडीत ऊब मिळते असं युरोपातल्या गाड्यांबद्दल कौतुकाने म्हणतात. इथे त्या उबेचं काय करायचं?

फेअरिंगच्या बाजूला, चाकामागे, दोन मोठी तोंडं कापली. आत पत्र्याचा आडोसा दिला, जेणेकरून गरम हवा गुडघ्याच्या पुढून बाहेर वळेल. बाहेर पडायची वाट आत शिरायच्या वाटेपेक्षा मोठी हवी आणि ती अशा जागी हवी जिथे बाहेरची हवा ओढून घेईल, नाहीतर पंखा नुसता फिरत बसतो. टाकीच्या तळालाही उष्णतारोधक पत्रा. मालक म्हणाले, बाजूची सलग रेष गेली. गेली खरी.

२७ जून २०२४

पाऊस चांगला झाला. प्रोटोटाइप बाहेर नेता येत नाही, तर रान आत आणलं: शेडमागच्या मोकळ्या प्लॉटवर मामांनी ट्रॉलीभर काळी माती टाकून पाणी सोडलं.

पुढचं मडगार्ड टायरला चिकटून, २० मिमी फटीचं, दिसायला देखणं. चिखलातून दोन फेऱ्या मारल्या आणि चाक थांबलं. काळ्या मातीतली चिकण पाण्याने फुगते, टायरला थरावर थर बसतो आणि मडगार्डच्या आत दाबला जाऊन घट्ट होतो. आपल्याकडे महामार्ग सोडून गावाकडे वळलं की शेवटचे दोन किलोमीटर हेच असतं. स्पोर्ट-टूरर असली म्हणून तिला लग्नाला उशीर करून चालणार नाही. फट ४५ मिमी केली आणि मडगार्डचा मागचा भाग खाली उतरवला, म्हणजे रेडिएटरवर चिखल उडणार नाही.

याच आठवड्यात मूळ डॉमिनारवर बॅगा लावून आडव्या वाऱ्याचं बघितलं. गेवराईच्या पुढे पश्चिमेचा वारा गाडी ढकलतो. बॅगांपेक्षा मागचा उंच डबा जास्त ढकलतो. हे वेगळं नोंदवून ठेवतो.

३० जुलै २०२४

मागचं सस्पेन्शन पुरं झालं. गणित असं: चाकाचा एकूण प्रवास १२५ मिमी. एकट्याने बसल्यावर त्यातला साधारण ३० टक्के, म्हणजे ३७ मिमी दबावा. चाकाशी मिमीमागे २४ न्यूटन पडतील अशी स्प्रिंग घेतली. लिंकेजचं गुणोत्तर २.२, म्हणजे चाक २.२ मिमी हललं की स्प्रिंग १ मिमी दबते; त्याचा वर्ग धरून प्रत्यक्ष स्प्रिंग मिमीमागे ११६ न्यूटनची. तरीही माणूस आणि सामान चढलं की ३१ मिमी आणखी दबणार. ते परत मिळवायला स्प्रिंग १४ मिमी आधीच आवळावी लागते.

आवळायची कशी? हूक पाना घेऊन गाडीखाली वाकून कॉलर फिरवणं कुणीही करत नाही. पाना टूलकिटमध्ये गंजतो आणि गाडी जन्मभर उलाळच चालते. म्हणून सीटखाली बाजूला एक मूठ. ती फिरवली की छोट्या पिस्टनमधून तेल नळीने शॉकअपच्या डोक्यावरच्या सिलिंडरमध्ये जातं आणि स्प्रिंग दाबतं. मोठ्या टूररवर ही सोय जुनीच आहे. आम्ही ती लेथवर, हायड्रॉलिकच्या सुट्या सीलमध्ये बसवली. मुठीवर तीनच खुणा: एक माणूस, दोन माणसं, दोन माणसं आणि सामान. वहिनींनी बसल्या बसल्या हात मागे नेऊन फिरवून दाखवली. पूर्ण भारातही हेडलाइटचा झोत भिंतीवरच्या त्याच रेघेवर राहिला. या प्रकल्पातला मला सगळ्यात आवडलेला तुकडा हाच.

२० ऑगस्ट २०२४

साडी गार्ड. केंद्रीय नियम १२३ प्रमाणे मागच्या माणसासाठी पक्की मूठ, फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक तरी झाकणारं संरक्षण लागतंच. बॅगेची चौकट आणि साडी गार्ड एकाच जागेसाठी भांडत होते. दोन्ही एकच केले: बॅगेच्या चौकटीचा आतला भाग हाच गार्ड, बॅग काढली तरी तो जागेवर राहतो. होंडाच्या १९९० च्या एसटी ११०० मध्ये बॅगा गाडीच्या अंगातच धरून आराखडा केला होता, मागाहून टांगलेल्या नव्हत्या. तीच दिशा योग्य वाटते. सायलेन्सर उजवीकडून खाली घेतला, म्हणजे दोन्ही बॅगा सारख्या रुंदीच्या राहतात आणि ट्रकच्या मधून काढताना डावी-उजवी वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

३ सप्टेंबर २०२४

पोळ्याची सुट्टी कालच झाली. आज सबफ्रेम, म्हणजे सीट आणि बॅगा धरणारा चेसिसचा मागचा सांगाडा, चाचणीच्या रिगवरून उतरवली. हवेच्या सिलिंडरने मागच्या सीटवर आणि डब्याच्या जागेवर रात्रंदिवस ठोके बसत होते. डीपी टेस्ट, म्हणजे रंग झिरपवून तडा शोधणं: लाल रंग लावला, पुसला, पांढरा डेव्हलपर मारला. कॅरिअरच्या गसेटच्या, म्हणजे सांध्याला आधार देणाऱ्या पत्र्याच्या टोकाशी केसासारखी लाल रेघ उमटली.

नळी तुटलेली नाही, वेल्डही चांगला आहे. गसेट जिथे एकदम संपतो तिथे ताठ आणि लवचीक भागाची सीमा येते आणि सगळा ताण त्या एका रेषेवर गोळा होतो. नवा गसेट माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला कापला, टोकं नळीच्या मध्यरेषेकडे निमुळती, आणि टोकाशी आडवा वेल्ड अजिबात नाही. मामा म्हणाले, ‘जाड पत्रा टाकू का?’ जाड टाकला तर तडा फक्त जागा बदलेल.

रिग पुन्हा चालू. या वेळी डब्याच्या जागी ५ ऐवजी ८ किलो, कारण लोक वजनमर्यादेचं स्टिकर वाचत नाहीत.

१२ नोव्हेंबर २०२४

पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी ट्रॅकवर वेळ मिळाला. गाडी टेम्पोत घालून औट्रम घाटाने चाळीसगाव, धुळे करत नेली. हाय-स्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा, आम्हाला त्यातला वेग नको होता, सलग अंतर हवं होतं.

एकट्याने, बॅगांशिवाय: १२० ला स्थिर. हँडलची झिणझिण मात्र ६,००० आरपीएमजवळ वाढते. त्या गतीला एका सिलिंडरचे सेकंदाला १०० धक्के आणि हँडलची स्वतःची कंपनं एकत्र येताहेत. हँडलच्या टोकांना जास्त वजनाचे गोळे लावले, ती जागा खाली सरकली, जिथे गाडी फार वेळ थांबत नाही.

मागे ६० किलोची वाळूची गोणी बांधून, बॅगांसह: स्थिर. मूठ तिसऱ्या खुणेवर.

मागचा डबा लावून: ११५ च्या पुढे गाडी मागून डुलायला लागली. सेकंदाला साधारण तीन हेलकावे, सावकाश, थ्रॉटल सोडला की मरतात. हँडल झटके देत नाही. पुढचं चाक शांत, सगळी गाडीच सापासारखी वळवळते. डबा काढला, गेलं. डबा रिकामा लावला तरी थोडं येतं, म्हणजे वजनाइतकाच त्याच्यावरचा वाराही कारण आहे.

रात्री मुक्कामावर आकडे मांडले. पूर्ण भारात गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या ५५० मिमी पुढे येतो. बॅगा तिथून ५०० मिमीवर, डबा ८०० मिमीवर. फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून डब्यातले ८ किलो बॅगांमधल्या २० किलोइतकाच झोका देतात.

२६ नोव्हेंबर २०२४

डब्यावरून बैठक. पर्याय पहिला: कॅरिअर ७० मिमी पुढे घ्यायचं. मग डबा वहिनींच्या पाठीत येतो. त्यांनी बसून बघितलं आणि सरळ नाही म्हणाल्या. पर्याय दुसरा: डबा ठेवायचा आणि त्यावर वेगाचं स्टिकर लावायचं. मी नाही म्हणालो. पर्याय तिसरा: डबा काढूनच टाकायचा, बाजूच्या बॅगा खालच्या अंगाने मोठ्या करायच्या, मागे ३ किलोपुरती सपाट जाळी ठेवायची, आणि तिच्यावर डब्याची प्लेट बसूच नये अशी भोकं द्यायची.

मालक अजून तयार नाहीत. ‘शोरूममध्ये पहिला प्रश्न डब्याचा असतो,’ म्हणतात. त्यांचं खरं आहे. वहिनी म्हणाल्या, हेल्मेट ठेवायला जागा मिळाली तर डब्याची आठवण कुणाला येणार नाही. उजव्या बॅगेत पूर्ण हेल्मेट मावतं का ते मोजलं: सायलेन्सरच्या बाजूने १५ मिमी कमी पडतात.

सायलेन्सरची नळी १५ मिमी आत घ्यायचं रेखाटन पोराकडे दिलं. स्विंग आर्मशी किती फट उरते ते पूर्ण दबलेल्या सस्पेन्शनवर तपासायचं आहे. दुसऱ्या चेसिससाठी ४१३० नळीची मागणी गेली. सबफ्रेमचे गसेट नव्या आकाराचे. मामांनी विचारलं, जिग सोडू का. नको, तसाच राहू दे.